विशारद लेक आणि खुर्चीवरचं नृत्य

पत्र: माझी मुलगी 22 वर्षांची आहे. मानसशास्त्र घेऊन बीए झाली, भरतनाट्यममध्ये विशारद पूर्ण केलं. गेल्या मे महिन्यात ती माझ्या बहिणीकडे लंडनला, हॅरोमध्ये दीड महिना राहून आली. बहिणीच्या गुजराती शेजारणीच्या सासूबाईंना डिमेन्शिया, म्हणजे स्मरणशक्ती ढासळत जाण्याचा आजार आहे. त्या ज्या डे सेंटरमध्ये जातात तिथे आठवड्यातून एकदा एक नृत्यांगना येते आणि सगळ्यांना खुर्चीवर बसवूनच नाचवते. मुलगी चार वेळा सोबत गेली आणि तेव्हापासून 'मला हेच करायचंय' म्हणून बसली आहे. तिचे बाबा म्हणतात, 'बारा वर्षं नाच शिकून आता म्हाताऱ्यांना टाळ्या वाजवायला लावणार का?' यात करिअर आहे का? आणि त्यासाठी तिला इंग्लंडलाच पाठवावं लागेल का?
– एक आई, नाशिक

उत्तर: नमस्कार ताई. आधी तिच्या बाबांच्या प्रश्नाकडे येते, कारण बाकी सगळं त्यावरच अडलेलं दिसतं.

लेक नृत्याच्या वर्गात पहिल्यांदा गेली तेव्हा तिलाही आधी हातावर ताल धरायलाच शिकवलं असेल. टाळी सोपी वाटते ती आपल्याला. डिमेन्शिया झालेल्या माणसाला आधी ताल ऐकू यावा लागतो, पुढची मात्रा कधी येणार याचा अंदाज बांधावा लागतो, दोन्ही हात एका जागी आणावे लागतात आणि तेही शेजारच्याच्या बरोबरीनं. दिवसभर खिडकीबाहेर बघत बसलेल्या एखाद्या आजोबांच्या टाळीची सम बरोबर जुळते, तेव्हा त्या खोलीत फार मोठी गोष्ट घडलेली असते. तुमच्या लेकीनं ती चार वेळा पाहिली आहे. ती उगाच हट्ट करत नाहीये.

हे का घडतं ते थोडं सांगते. अल्झायमर हा डिमेन्शियाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. त्यात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाला फार लवकर इजा होते. आज सकाळी काय खाल्लं, समोर कोण बसलंय, अशा नव्या आठवणी तिथे जमा व्हायच्या, त्या जमायच्या थांबतात. पण पोळी लाटणं, सायकल चालवणं, ठेका धरणं अशा अंगवळणी पडलेल्या गोष्टींचा ठेवा मेंदूच्या दुसऱ्या भागांत असतो आणि तो बराच काळ टिकतो. माझ्या आत्याला शेवटच्या दोन-तीन वर्षांत स्वतःच्या मुलांची नावंही सांगता येत नव्हती. पण मी समोर उभी राहून हात पुढे केले की ती आपले हात फुलीसारखे एकमेकांवर टाकून माझे पंजे घट्ट धरायची. फुगडीची पकड! गरगर फिरणं तिला शक्य नव्हतं. आम्ही बसूनच डोलायचो. ती कोण, मी कोण, हे तिला ठाऊक नसायचं. फुगडी मात्र ठाऊक होती.

भारतीय नृत्याला इथे एक मोठी सोय आहे, ती म्हणजे त्याचा निम्मा संसार कमरेच्या वर आहे. पाय चालत नसले तरी हस्तमुद्रा आहेत, नजर आहे, मान आहे, अभिनय आहे. अलपद्म ही मुद्रा करताना बोटं एकेक करून उलगडतात आणि मनगट फिरतं, म्हणजे आखडलेल्या हाताला छान व्यायाम होतो. शिवाय ते कमळ असतं, त्यामुळे व्यायाम केल्यासारखं वाटतच नाही. विहिरीतून पाणी शेंदणं, सुपात पाखडणं, जात्यावर दळणं, अशा अभिनयातल्या कितीतरी क्रिया त्या पिढीनं प्रत्यक्ष केलेल्या आहेत. तिथे शिकवणारी कोण आणि शिकणारी कोण हे अनेकदा उलटंपालटं होतं. सूप असं धरत नाहीत, म्हणून एखादी आजी तुमच्या लेकीलाच दटावेल, आणि सत्र चांगलं चाललंय हे तेव्हाच ओळखावं.

हे काम इंग्लंडमध्ये आधी रुजलं याला कारण आहे. 1972मध्ये हुकूमशहा इदी अमीननं युगांडातून आशियाई लोकांना हाकललं आणि हजारो कुटुंबं लेस्टर, हॅरो, ब्रेंट अशा भागांत येऊन वसली. पंजाबी, सिल्हेटी बंगाली, श्रीलंकेचे तमिळ यांच्याही वस्त्या वाढत गेल्या. ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. डिमेन्शियात नंतर शिकलेली भाषा आधी ओसरते, त्यामुळे चाळीस वर्षं इंग्रजीत दुकान चालवलेला माणूस पुन्हा गुजरातीतच बोलू लागतो, आणि काळजी घेणाऱ्या परिचारिकेला त्यातलं अक्षरही कळत नाही. अशा वेळी गरब्याची एक ओळ किंवा 'नमस्ते'चे जोडलेले हात जे करतात ते कुठल्याही माहितीपत्रकानं होत नाही. 2013मध्ये तिथल्या खासदारांच्या एका गटानं अहवाल दिला होता. त्यात वांशिक अल्पसंख्याकांमधले डिमेन्शियाचे सुमारे 25 हजार रुग्ण 2051पर्यंत पावणेदोन लाखांच्या जवळ जातील असा अंदाज होता. तारा राजकुमार यांनी 1979मध्ये लंडनमध्ये सुरू केलेली 'अकॅडेमी' ही दक्षिण आशियाई नृत्याची संस्था ज्येष्ठांसाठी असं काम करत आली आहे. बर्मिंगहॅममध्ये पियाली रे यांनी 1990मध्ये सुरू केलेली 'संपद' ही दक्षिण आशियाई कलांची संस्था आहे. लेकीला या दोन्ही संस्थांचं काम नीट वाचायला सांगा.

आता एक सावधगिरीची गोष्ट. नाचानं डिमेन्शिया बरा होत नाही. हे वाक्य तिनं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं, कारण थकलेले नातेवाईक तिला नेमकं तेच विचारणार आहेत. 2003मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या, 75 वर्षांवरच्या 469 लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शारीरिक हालचालींच्या छंदांपैकी फक्त नृत्याचा संबंध डिमेन्शियाचा धोका कमी असण्याशी दिसला होता. तो निष्कर्ष आजही सगळीकडे फिरतो, पण तो अभ्यास डिमेन्शिया होण्याआधीचा, आणि संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. उलट 2017च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे उपलब्ध वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या अहवालात, डिमेन्शियासाठीच्या नृत्योपचाराबद्दल निकषांत बसणारी एकही चाचणी सापडली नव्हती. नंतर हाँगकाँगमध्ये सौम्य डिमेन्शियाच्या 204 जणांवर चाचणी झाली आणि नैराश्य, एकटेपणा कमी झाल्याचं दिसलं. मला हा फायदा अजिबात लहान वाटत नाही. ज्याचा मंगळवार चांगला गेला त्याला तो बुधवारी आठवणार नाही, तरी मंगळवार चांगला गेलाच ना?

करिअर म्हणून बघताना दोन वाटा वेगळ्या ठेवा, इथेच बहुतेक मुलं गोंधळतात. एक वाट समाजासोबत काम करणाऱ्या नृत्यकलाकाराची. हॅरोत लेकीनं पाहिली ती बहुधा अशीच कलाकार असणार. दुसरी वाट नृत्योपचारकाची. त्यासाठी मानसशास्त्राचं शिक्षण, देखरेखीखाली केलेलं काम आणि स्वतःच्या मनावरही काम करावं लागतं. पहिल्या वाटेवरच्या माणसानं स्वतःला 'थेरपिस्ट' म्हणवून घेऊ नये. आपल्याकडे आठवड्याच्या शिबिराचं प्रमाणपत्र घेऊन तशा पाट्या लावल्या जातात, याचा मला मनापासून त्रास होतो. समोरचा माणूस तक्रार करण्याच्या स्थितीतही नसतो हो. आपल्याकडच्या 2021च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या अनुसूचीत नृत्य आणि हालचालींद्वारे उपचार करणाऱ्यांचा समावेश झाला आहे. म्हणजे पुढेमागे नोंदणी आणि ठरावीक पात्रता लागणार हे धरून चालावं. आजचं प्रमाणपत्र तेव्हा चालेल का, हा प्रश्न प्रत्येक संस्थेला प्रवेशाआधी विचारा.

इंग्लंडला पाठवावं का? माझं स्पष्ट मत – आत्ता नाही. तिथे 'डान्स मूव्हमेंट सायकोथेरपी'चे चांगले एमए अभ्यासक्रम आहेत. लंडनच्या रोहॅम्प्टन आणि गोल्डस्मिथ्सची नावं या क्षेत्रात जुनी आहेत. पण त्या वर्षीची तुकडी सुरू होणार आहे का हे विद्यापीठाकडूनच विचारून घ्यावं, एजंटकडून नाही. व्यवसायाची संघटना 'एडीएमपी यूके' ही आहे. आणखी एक गोष्ट एजंट सांगत नाहीत. डे सेंटरमधली सत्रं बहुधा फ्रीलान्स असतात, आणि विद्यार्थी व्हिसावर स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही. शिकत असताना सत्रं घेऊन खर्च भागवेन, हा हिशेब तिथे चालत नाही. कर्ज काढण्याआधी या एका मुद्द्यावर घरात बसून बोला.

शिवाय काम इथेही पडून आहे. 2023मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया आहे. आपल्या घराघरांत त्याला अजून 'म्हातारचळ' म्हणतात, 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हसतात आणि आजीला आतल्या खोलीत ठेवतात. मुंबईत डिग्निटी फाउंडेशननं डिमेन्शियासाठी डे केअर चालवलं आहे, 'एआरडीएसआय' ही अल्झायमरवर काम करणारी देशव्यापी संघटना 1992पासून आहे. पुण्यात हृषिकेश पवार पार्किन्सन्स असलेल्या मंडळींसोबत कित्येक वर्षं नृत्य करत आले आहेत. आजार वेगळा असला तरी कंप पावणाऱ्या शरीरासमोर नर्तकानं कसं उभं राहायचं, हे तिथे बघण्यासारखं आहे. नृत्योपचाराच्या शिक्षणासाठी त्रिपुरा कश्यप जिच्या सहसंस्थापक आहेत ती 'सीएमटीएआय' (क्रिएटिव्ह मूव्हमेंट थेरपी असोसिएशन ऑफ इंडिया), आणि कोलकाता संवेद संस्थेनं मुंबईच्या टिससोबत (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) उभा केलेला पदविका अभ्यासक्रम, या दोन ठिकाणी यंदा काय चालू आहे ते आधी पाहा.

प्रवेश घेण्यापूर्वी मात्र तिनं सहा महिने नाशिकमध्येच एखाद्या वृद्धाश्रमात किंवा डे केअरमध्ये आठवड्यातून दोनदा जावं. पहिला महिना नाचू नये. जेवण वाढावं, केस विंचरून द्यावेत, एकच गोष्ट अकरा वेळा ऐकावी. कोणाला कमी ऐकू येतं, कोणाला घुंगरांचा आवाज सोसत नाही, कोण दुपारनंतर बिथरतं, हे तिला त्यातूनच कळेल. चकचकीत फरशी त्यांना ओली वाटते, काळी सतरंजी खड्ड्यासारखी दिसते, म्हणून पाय पुढे पडत नाही. अशा गोष्टी विशारदच्या अभ्यासक्रमात नाहीत.

आणि तिला बरंच विसरावंही लागेल. तिसरा काळ, म्हणजे सर्वांत जलद लय, विसरायचा, अरमंडीची गुडघे वाकवलेली बैठक विसरायची, बोटाचा कोन चुकला की दुरुस्त करायला पुढे जाणारा हात आवरायचा. एका वेळी एकच सूचना. दर वेळी तेच सुरुवातीचं गाणं, तोच शेवट. 'आजी, आठवतंय का?' हा प्रश्न तर कधीच नाही, कारण तो प्रेमानं विचारलेला असला तरी परीक्षाच असते आणि त्या परीक्षेत आजी रोज नापास होत असतात. नाशिकमध्ये भोंडल्याची गाणी चालतील, कुणाला जात्यावरच्या ओव्या, कुणाला जुनी सिनेमाची गाणी. एखाद्या आजोबांना किंवा मुस्लिम आजींना 'नाच' हा शब्दच नको असेल, तिथे 'हातांचा व्यायाम' म्हणावं आणि खरोखर तेवढंच करावं. नको म्हणणाऱ्याला वर्तुळात ओढू नये.

पैशांचं खरं सांगते. पहिली तीन-चार वर्षं निव्वळ यावर घर चालणार नाही. सकाळी शाळेत किंवा स्वतःच्या वर्गात नृत्य शिकवणं आणि दुपारी ही सत्रं, अशी सांगड बहुतेकांना घालावी लागते. मानसशास्त्रात एमए केलं तर समुपदेशनाचं दारही उघडं राहतं, आणि ते तिनं करावंच असं मला वाटतं. सत्राचं मानधन मात्र पहिल्या महिन्यानंतर मागायला शिकवा. सेवा म्हणून फुकट सुरू झालेलं काम वर्षानुवर्षं फुकटच राहतं.

सहा महिन्यांनी तिचं मत तेच राहिलं तर मला पुन्हा लिहा, अभ्यासक्रमांची तुलना आपण बसून करू. आणि ताई, ती सत्र घेऊ लागली की एकदा तिच्या बाबांनाही सोबत न्या. त्यांना दारात उभं राहून बघू देऊ नका, वर्तुळातल्याच एका खुर्चीवर बसवा, आजोबांच्या शेजारी.