बाप्तिस्म्याआधी मृत्युपत्र

"नवरा येत्या ईस्टरला कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतोय. निर्णय मनापासूनचा आहे, मला मान्यही आहे. पण मी माझा धर्म सोडणार नाही. मोठा मुलगा सहा वर्षांचा, दुसरं बाळ जूनमध्ये येईल. सासूसासऱ्यांना काहीच माहीत नाही, 'झालं की सांगू' म्हणतो. आमचं लग्न टिकतं का? देवघराचं काय करायचं? बाळाच्या नावाचं? इथल्या चर्चच्या कराचं? डोकं चालेनासं झालंय."
– जर्मनीहून एक वाचक

ताई, डोकं चालेनासं होणारच. पण इतके प्रश्न विचारलेत आणि जो सगळ्यात महागात पडू शकतो, तो मात्र विचारलाच नाहीत. मी कुठे वळणार हे नेहमीच्या वाचकांनी ओळखलं असेल: कागदपत्रांकडे. हसा हवं तर. श्रद्धेची किंमत म्हटली की आपण अबोला, रडारड आणि नातेवाइकांची कुजबुज एवढंच धरतो. लूकच्या शुभवर्तमानात, चौदाव्या अध्यायात, येशू मात्र बुरूज बांधणाऱ्याला आधी बसून खर्चाचा हिशेब करायला सांगतो, नाहीतर पाया घालून काम अडेल आणि लोक हसतील. तेव्हा बसूया.

तुमच्या पत्रात मला खटकला तो जून महिना. म्हणजे मोठा मुलगा बाप्तिस्म्याच्या आधीचा आणि धाकटं नंतरचं. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ याचं कलम २६ नेमकं इथे आडवं येतं. हिंदू व्यक्तीने धर्मांतर केल्यावर तिला जी मुलं होतात, ती आणि त्यांचे वंशज हिंदू नातेवाइकांच्या मालमत्तेचे वारस होऊ शकत नाहीत. वारसा खुला होताना, म्हणजे त्या नातेवाइकाच्या मृत्यूच्या वेळी, ती स्वतः हिंदू असतील तरच अपवाद. गंमत अशी की ज्याने धर्म बदलला त्याचा स्वतःचा हक्क जात नाही. तो १८५० च्या कायद्यापासून शाबूत आहे. म्हणजे नवऱ्याला आईवडिलांकडून मिळेल, मोठ्याची वाट मोकळी राहील, आणि अडेल ते धाकटं. आमच्या आत्याच्या घरी वाटणीला बसल्यावर पहिला प्रश्न हाच निघाला होता: थोरलं कधीचं, धाकटं कधीचं?

"सासऱ्यांची इस्टेट आम्हाला नकोच," असं म्हणाल. परदेशात आलेली आपण सगळीच असं म्हणतो. पण जरा थांबा. तुम्ही हिंदूच राहणार, म्हणजे त्या बाळाच्या सगळ्यात जवळच्या हिंदू नातेवाईक तुम्हीच! भारतात तुमच्या नावावर घर किंवा जमीन असेल आणि तुम्ही मृत्युपत्र केलं नाही, तर बाप्तिस्मा झालेल्या तुमच्याच लेकराला त्यातला हिस्सा नाकारला जाऊ शकतो. स्थावर मालमत्ता जिथे असते तिथला कायदा तिला लागतो. तुम्ही कुठे राहता याने फरक पडत नाही. आईबापांपैकी एक हिंदू असेल आणि मूल हिंदू म्हणून वाढलं असेल तर कायदा त्याला हिंदूच मानतो. पण ते सिद्ध करायची वेळ भावंडांच्या भांडणात येते, आणि तेव्हा तुम्ही नसता.

उपाय सोपा आहे. कलम २६ मृत्युपत्राच्या आड येत नाही, मृत्युपत्राने कोणत्याही धर्माच्या माणसाला देता येतं. पहिलं तुमचं करा, कारण ते तुमच्या हातात आहे. नुसतं 'माझ्या मुलांना' लिहून थांबू नका. 'माझ्या मृत्यूच्या वेळी हयात असलेल्या माझ्या सर्व अपत्यांना, त्यांचा धर्म कोणताही असो, समान हिश्शाने' असं लिहा. दोन साक्षीदार लागतात आणि तुमच्या सहीचे साक्षीदार म्हणून त्यांनी तुमच्यासमोर सही करायची. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीला घेऊ नका. मुद्रांक लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी करावी. आणि परदेशस्थांची नेहमीची चूक म्हणजे भारतातलं एक मृत्युपत्र झाल्यावर जर्मनीत दुसरं करताना 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रं रद्द' ही छापील ओळ तशीच ठेवणं. एका ओळीत पहिलं बाद! कोणतं मृत्युपत्र कोणत्या देशातल्या मालमत्तेपुरतं, हे दोन्हीकडे स्पष्ट लिहा.

नवऱ्याचं नाव वडिलांच्या एकत्र कुटुंबाच्या खात्यात असेल तर सीएला आधी विचारा. धर्मांतराने तो त्या कुटुंबातून विभक्त झाला असं धरतात आणि त्याचा हिस्सा त्या तारखेला ठरतो. मोठ्याच्या नावावर भारतात काही असेल तर तिथे यापुढे सही तुमची. १९५६ च्याच पालकत्व कायद्याने हिंदू न राहिलेला बाप नैसर्गिक पालक म्हणून चालत नाही. अनुसूचित जातीच्या वाचकांनी आणखी एक लक्षात ठेवावं: १९५० च्या आदेशानुसार तो दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांनाच आहे, ख्रिस्ती झाल्यावर राहत नाही. अनुसूचित जमातींना ही धर्माची अट नाही.

सासूसासऱ्यांनीही मृत्युपत्र करायला हवंच, पण बातमी आणि मृत्युपत्र एकाच फोनवर नको. त्यांना वाटेल, देव बदलला आणि लगेच इस्टेट मागायला आला. मध्ये काही महिने जाऊ द्या.

आणि 'झालं की सांगू' हे मला अजिबात पटलेलं नाही. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली पत्नीला न सांगता बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंना त्यानंतर वर्षानुवर्षं वेगळं राहावं लागलं. पुढे त्या स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या ते वेगळं. तुमच्या नवऱ्याला मार्कचा सातवा अध्याय वाचायला सांगा. आईबापांचा वाटा 'देवाला वाहिला' म्हणून हात झटकणाऱ्यांना येशूने तिथे चांगलंच फटकारलंय. भारताचा २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदाही धर्म पाहत नाही. आईवडिलांच्या पोषणाची जबाबदारी परदेशातल्या भारतीय नागरिकावरही आहे, हे सासऱ्यांना कळलं तर त्यांचा अर्धा घोर जाईल. आमच्या घरात दोन धर्म नांदतात ते आधी सांगितल्यामुळेच, हे माझं ठाम मत.

बाकीचं झटपट. लग्न टिकतं. भारतीय कायद्यात जोडीदाराचं धर्मांतर हे घटस्फोटाचं कारण आहे, पण तो अर्ज तुम्ही करायचा असतो, आपोआप काही मोडत नाही. दोघांचा बाप्तिस्मा झालेला नसताना लागलेलं लग्न चर्चही वैध मानतं, पुन्हा लावावं लागत नाही. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, सातव्या अध्यायात, विश्वास न ठेवणारी पत्नी राजी असेल तर तिला सोडू नये असं पौल स्पष्ट सांगतो. देवघर तुमचं आहे, तुम्ही सांभाळा. त्याला आरतीला उभं करू नका आणि त्याने हलवायला सांगू नये. चर्चचा कर थेट उत्पन्नावर नसतो, आयकराच्या रकमेवर ८ किंवा ९ टक्के असतो, आणि तुम्ही चर्चच्या सदस्य नसल्याने विवरणपत्र एकत्र भरताना हिशेब सल्लागाराकडून करून घ्या. बाळाला ख्रिस्ती नाव ठेवायची सक्ती नाही, भारतीय पासपोर्टवर धर्माचा रकानाच नाही.

राहिला बाळाचा बाप्तिस्मा. चर्चला दोघांपैकी एका पालकाची संमती पुरते, म्हणून हे जूनपर्यंत ढकलू नका. आत्ताच बोला आणि धर्मगुरूंसमोर दोघं मिळून बसा. सासूबाईंना फोन मात्र त्याने लावायचा, तुम्ही नाही.