जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचे मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) घरी उघडून परत बसवता येतात का? गाडी मागून डावीकडे बसलीय.

येतात. नाशिकच्या चार महिन्यांच्या पावसात शॅकलचे (पाट्याचं टोक बॉडीला जोडणाऱ्या झुलत्या कडीचे) बोल्ट गंजून बसलेले असतात, म्हणून आदल्या रात्री नट-बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. पुढच्या चाकांना ओट (चाक सरकू नये म्हणून अडसर) लावा. गाडी बॉडीखाली स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर कधीच नको. अ‍ॅक्सलला वेगळा जॅक द्या, नाहीतर शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) सोडल्यावर अ‍ॅक्सल खाली लोंबकळतो आणि ब्रेकचा होज ताणला जातो.

सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट काढण्याआधी पाट्यांचा जुडगा दोन सी-क्लॅम्पमध्ये घट्ट धरा. ताण सुटला की पाटे उसळतात, बोटं जातील. पाटे घासून प्रत्येकाची टोकं बघा. खालच्या पाट्याच्या टोकाने वरच्यात नखाएवढी खाच पाडलेली दिसेल, चिरही तिथूनच सुरू होते. चिरलेला पाटा बदलाच. नुसती कमान उतरली असेल तर आग्रा रोडला ट्रकचे पाटे करणाऱ्या कारागिराकडे द्या, पण दोन्ही बाजू एकदम करून घ्या.

पाटे अ‍ॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवेच घाला.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी. पाट्यांच्या टोकांतल्या रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना पक्के आवळू नका. चाकं जमिनीवर टेकवा, गाडी दोनचारदा दाबा, मग आवळा. मी पहिल्यांदा हवेतच आवळले होते. रबर कायम पिळलेलं राहिलं आणि काही महिन्यांतच बुश फाटले. कसारा घाटात एक फेरी झाली की यू-बोल्ट पुन्हा तपासा, थोडे सैल झालेले असतात.