आयफोन ॲपमध्ये पीडीएफचा प्रिव्ह्यू उघडला की नेव्हिगेशन बार कोरा दिसतो, 'डन' सापडत नाही. कसं दुरुस्त करू?

आधी एक करून बघा. प्रिव्ह्यू उघडा आणि वर कोपऱ्यात, जिथे 'डन' असायला हवं, त्या कोऱ्या जागेवर बोट दाबा. प्रिव्ह्यू मिटला तर बटण जागेवरच आहे, फक्त पांढऱ्यावर पांढरं आहे.

याच बारवरून हिंजवडीत माझं तेव्हाच्या टीम लीडशी कडाक्याचं वाजलं होतं, म्हणून लिहायला बसलो. ॲप एका पतसंस्थेचं, खातेदार बहुतेक पेन्शनर. आमच्या टेस्टरने पेठेतल्या शाखेतून व्हिडिओ पाठवला. एक आजोबा स्टेटमेंट वाचून झाल्यावर फोन आडवा-उभा करतायत, पान मोठं-लहान करतायत, आणि शेवटी काउंटरवर फोन ठेवून म्हणतायत, "ताई, हे मिटवून द्या हो." ताईंनी ॲपच बंद केलं. परत लॉगिन, परत ओटीपी.

लीडचं म्हणणं, हा ॲपलचा बग आहे, वरून आपली पट्टी चिकटवा आणि तीत फुलीचं बटण द्या. माझा विरोध असूनही तेच रिलीज झालं. पट्टीखाली शेअरचं बटण झाकलं गेलं आणि त्या वाटेने होणारी प्रिंटही गेली. पेन्शनरांना प्रिंटच तर हवी असते!

बग ॲपलचा नव्हताच. २०२१ मध्ये आयओएस १५ आलं. ॲपलच्या ॲप बनवायच्या साधनावर, एक्सकोड १३ वर, बिल्ड केलं की मजकूर वरच्या टोकाला असताना बार आपोआप पारदर्शक व्हायला लागला, नुसत्या बारटिंटकलरला, म्हणजे बारच्या पार्श्वभूमीच्या रंगाला, तिथे कोणी विचारेना. आमच्या ॲपडेलिगेटमध्ये (ॲप सुरू होताना चालणारा कोड) कोणीतरी ॲपभरासाठी पांढरा टिंट, म्हणजे बटणांचा रंग, आणि निळा बार लावून ठेवलेला. आमच्या स्क्रीनवर त्यांच्या सामायिक बेस क्लासमध्ये डागडुजी झाली होती, त्यामुळे तिथे काही जाणवलं नाही. पण क्विक लुक, म्हणजे ॲपलचा तयार प्रिव्ह्यू (कोडमध्ये क्यूएलप्रिव्ह्यूकंट्रोलर), प्रेझेंट केला की स्वतःचा बार घेऊन येतो. पांढरा टिंट त्याच्यापर्यंत पोचला, निळा रंग उडाला.

तेव्हा ॲपभराचे ते रंग काढून टाका. यूआयनेव्हिगेशनबारअपिअरन्स बनवा, कॉन्फिगरविथओपेकबॅकग्राउंड करा, रंग द्या आणि तो स्टँडर्डअपिअरन्स आणि स्क्रोलएजअपिअरन्स या दोन्हींना लावा, तोही फक्त तुमच्या नेव्हिगेशन कंट्रोलरवर. क्यूएलप्रिव्ह्यूकंट्रोलरला हात लावू नका, तो सिस्टीमच्या रंगात छान दिसतो. ब्रँडचा रंग स्टेटमेंटवर दिसलाच पाहिजे असं एकाही खातेदाराने आजवर मागितलेलं नाही, ते फक्त मीटिंगमध्ये मागितलं जातं.

हो, प्रिव्ह्यू दाखवायला दुसरी वाट, यूआयडॉक्युमेंटइंटरॲक्शनकंट्रोलर, वापरत असाल तर डेलिगेटमधून काय परत देताय ते बघा. नेव्हिगेशन कंट्रोलर दिलात तर प्रिव्ह्यू त्यातच पुश होतो आणि तुमचाच बार वापरतो, मग वरचं निदान थोडं बदलतं. आणि आयओएस २६ साठी बिल्ड करत असाल तर लिक्विड ग्लास या काचेसारख्या नव्या रूपामुळे बारला स्वतःचा रंग देणं शक्यतो टाळाच.

तुमच्याकडेही कोणी "वरून पट्टी चिकटवू" म्हणत असेल तर एक्सकोडमध्ये व्ह्यू हायरार्की (स्क्रीनवरचे थर सुटे करून दाखवणारं दृश्य) उघडून पट्टीखाली दबलेलं शेअरचं बटण त्यांना दाखवा. मी तेव्हा नुसता तोंडी वाद घातला, हे दाखवलं असतं तर ती पट्टी रिलीजला गेलीच नसती.