तासभर ६६ अंश टिकतील कसे?

वाचकांचे प्रश्न : घरची बीअर

प्रश्न : ताई, नमस्कार. मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. आजवर डब्यात मिळणाऱ्या माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या) पाकापासून बीअर करायचो, आता भरडलेल्या माल्टवर आलोय. ऑलिव्ह ज्यात येतात ते ६० लिटरचं निळं पिंप मिळालं, त्याला नळ बसवून मॅश टन (माल्ट गरम पाण्यात भिजत ठेवायचं भांडं) केला. दर वेळी ५ किलो माल्ट घेतो. गॅरेजमध्ये ६७ अंशांवर सुरुवात केली तरी तासाभरात पारा ६० वर येतो आणि बीअर पातळ लागते. ह्या पिंपाभोवती दुसरं मोठं पिंप घालून मधल्या फटीत फवारायचा फोम भरावा असं मनात आहे. शिवाय नळाच्या बुडाशी पाणी पाझरतं. काय करू?

उत्तर : फोम आणायला जाऊ नका. तुमची अडचण भिंतीच्या जाडीची कमी आणि पिंपाच्या मापाची जास्त आहे.

हिशेब मांडून बघू. ५ किलो माल्टला किलोमागे २.६ लिटर म्हणजे १३ लिटर पाणी. एक किलो माल्ट पाण्यात साधारण पाऊण लिटरहून थोडी कमी जागा व्यापतो, म्हणजे सगळं मिळून साडेसोळा लिटरच्या आसपास. तुमच्या पिंपाचा व्यास ४० सेंटिमीटर धरला तर हा थर जेमतेम १३ सेंटिमीटर उंच होतो आणि वर चाळीसेक लिटर नुसती हवा राहते. गरम लगद्याची वाफ त्या पोकळीत चढते, थंड झाकणाला लागून तिचं पाणी होतं; पोळ्यांच्या डब्याच्या झाकणाला आतून पाणी सुटतं ना, तसंच. उष्णता सगळ्यात जास्त जाते ती ह्या वाटेनं. बाहेरून कितीही गुंडाळलंत तरी ही वाट बंद होत नाही.

म्हणून ५ किलोसाठी ३० लिटरचं पिंप घ्या. त्यात तोच थर २० सेंटिमीटरचा होतो. फायदा दुहेरी आहे : ऊब टिकते आणि जाड थरातून गाळणही स्वच्छ होतं. एका वेळी १०-१२ किलो माल्ट घ्यायचा बेत असेल तरच ६० लिटरचं पिंप कामाचं. तोपर्यंत त्यात माल्ट साठवा, उंदीर आणि दमट हवा दोन्हींपासून सुटका. मात्र आधी धुण्याचा सोडा घातलेलं गरम पाणी भरून रात्रभर ठेवा आणि झाकणातलं रबरी कडं काढून वेगळं धुवा, ऑलिव्हच्या खारवणाचा वास तिथेच दडून बसतो.

पिंप विकत घेताना तळाशी पेला-काट्याची खूण बघा, म्हणजे ते खाण्याच्या पदार्थांसाठीचं आहे. त्रिकोणात २ आकडा असेल तर प्लास्टिक एचडीपीई, ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन. दोन्ही चालतात, पण गरम पाण्याला ५ जास्त सोसतं. एचडीपीई वितळतं १३० अंशांच्या आसपास, पण ७५-८० लाच मऊ पडू लागतं. त्यामुळे भरलेलं गरम पिंप कडीला धरून कधीही उचलू नका. ज्यात पूर्वी रसायन होतं असं पिंप फुकट मिळालं तरी नको.

आता फोम. डब्यातून फवारायचा फोम हवेतल्या ओलाव्यानं सुकतो. दोन पिंपांच्या बंद फटीत तो आतून दिवसेंदिवस चिकट राहतो आणि फुगताना आतल्या पिंपाची भिंत आत ढकलतो. नळही दोन भिंतींतून न्यावा लागतो. एकदा पाझरला की फोम भिजतो आणि दुरुस्तीला हात पोचत नाही. त्यापेक्षा कॅम्पिंगला अंथरतात ती फोमची चटई आणा, दोन पदर गुंडाळा, वरून रेडिएटरमागे लावतात तो चंदेरी बुडबुड्यांचा कागद. नळाभोवती चटई नीट कापून बसवा. झाकणावर, बांधकामात भिंतीत घालतात त्या ५० मिलिमीटरच्या फोमच्या पाट्याची गोल चकती ठेवा. आत लगद्यावर ॲल्युमिनियम फॉइल अलगद टेकवा, वाफ तिथेच अडते. आणि पिंप गॅरेजच्या सिमेंटवर थेट ठेवू नका, खाली थर्मोकोलचा जाड तुकडा घाला. एवढ्यावर तासाला एक-दोन अंशच उतरतात. आधी नुसतं ६६ अंशांचं पाणी तेवढंच भरून, तासभर ठेवून पारखा. माल्ट वाया घालवायला नको.

पातळ चवीचं कारणही ह्यातच आहे. माल्टमधली दोन एन्झाइम स्टार्चची साखर करतात. त्यांतलं बीटा-अमायलेज ६०-६५ अंशांना जोरात चालतं आणि यीस्टला सहज पचेल अशी साखर करतं. अल्फा-अमायलेज ७० च्या जवळ खुलतं आणि न पचणारे घटक मागे ठेवतं, बीअरला भरीवपणा येतो तो त्यांतून. पारा लवकर घसरला की बीटाचं फावतं. बरंचसं काम पहिल्या अर्ध्या तासातच उरकतं, म्हणून सुरुवात अचूक हवी. माल्ट १८ अंशांचा असेल तर वरच्या प्रमाणात पाणी ७३-७४ अंशांचं लागतं, तेव्हा मिश्रण ६६ वर येतं. मी पाणी ७८ चं करून पिंपात ओतते, झाकण लावते, पिंपानं त्याचा वाटा पिऊन पाणी ७४ वर आलं की मगच माल्ट घालते. मॅरिस ऑटरसारख्या बार्लीचा माल्ट असेल तर ह्या तापमानाला वर्टला (माल्टच्या गोड पाण्याला) जो बिस्किटांचा वास सुटतो, त्यासाठी हा सगळा खटाटोप करावासा वाटतो.

नळाचं आता. अर्ध्या इंची नळाला २१-२२ मिलिमीटरचं भोक लागतं. होल सॉ (गोल भोक पाडायची करवत) सावकाश चालवा, भिंत सपाट असेल तिथे, तळापासून ३-४ सेंटिमीटर वर. आतून आणि बाहेरून जाड, मऊ सिलिकॉनचा वायसर, त्यावर स्टीलचा रुंद वायसर, मग नट. गोलाई भरून काढतो तो मऊ वायसर. न्हाणीघरात लावतात ते सिलिकॉन फासू नका : एचडीपीईला ते धरत नाही आणि त्यात बुरशीनाशक असतं. नट जीव खाऊन आवळू नका, प्लास्टिक दाबाखाली हळूहळू सरकतं. पहिल्यांदा गरम पाणी भरून रिकामं केल्यावर, थंड झाल्यावर पुन्हा अर्धा फेरा आवळा. तुमची गळती बहुधा इथेच आहे.

आतल्या गाळणीला १५ मिलिमीटरची तांब्याची नळी घ्या, सेंटिमीटरभर अंतरावर हॅकसॉनं तिच्या व्यासाच्या एक तृतीयांश खोल चिरा पाडा, चिरा खाली तळाकडे ठेवा. सांधे डाग न देता नुसते दाबून बसवा, धुवायला सुटे करता येतात. पहिलं दोन-तीन लिटर गढूळ वर्ट परत वरून हळू ओता, स्वच्छ येईपर्यंत. ५ किलो माल्ट साधारण ५ लिटर पाणी धरून ठेवतो, तेव्हा १३ तले ८ च मिळतील. उरलेल्यासाठी वरून दोनदा पाणी घाला, पण ७७ अंशांपेक्षा गरम नको, सालीतला तुरटपणा उतरतो. चोथा वाळवून दळलात तर थालीपिठाच्या भाजणीत मूठभर छान लागतो.

प्रश्न : मुलगा इंग्लंडमध्ये हे करतो. मी पुण्यात करून बघू का?

उत्तर : काका, नको. ब्रिटनमध्ये घरच्या बीअरला लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला. घरी पिण्यापुरती करायला मुभा आहे, विकायला नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. तुमच्याकडे पिण्याचा परवाना असला तरी तो पिण्यापुरताच. पण ६६ अंशांची गंमत अनुभवायचीच असेल तर नाचणीला मोड आणा, वाळवून भरडा, तांदळाच्या पातळ पेजेत ६५ अंशांना मिसळा आणि लहानशा थर्मासमध्ये तासभर ठेवा. पेज सैल होऊन गोड लागेल. मग उकळून, गार करून त्याच दिवशी संपवा. बाहेर ठेवलीत तर ती आंबायला लागेल.