अक्षरांआधी कानाची तयारी

मुलाला लगेच पाटी-पेन्सिल देऊ नका. आधी दोन-तीन आठवडे नुसते आवाजाचे खेळ घ्या, रोज दहा मिनिटं पुरतात. शब्द बोलत टाळ्या वाजवायच्या: पा-टी दोन, बा-हु-ली तीन. मग 'स' ऐकू आला की उडी मारायची. सुरुवातीला ससा, सरडा, सतरंजी असेच शब्द घ्या. सुरी, सोनं नंतर, कारण स्वर बदलला की लहान कानाला तो वेगळाच आवाज वाटतो. 'बाहुलीतला बा काढला तर काय उरलं?' याचं उत्तर 'हुली' असं झटकन आलं, की मूल अक्षरांना तयार आहे असं समजा.

अक्षरं क-ख-ग-घ या क्रमाने शिकवायचा आग्रह सोडा. ग, र, म ही तीनच कार्डं घ्या. त्यांतून गरम होतं, मगर होतं, मगही होतं! पहिल्याच आठवड्यात स्वतः शब्द वाचल्याचा आनंद फार मोलाचा असतो.

'क कमळाचा' एवढंच घोकून घेतलं तर मूल क दिसला की 'कमळ' म्हणतं आणि शब्द जुळत नाही. म्हणून कार्ड दाखवताना फक्त आवाज म्हणा. घ-ध, भ-म या जोड्या एकाच वेळी देऊ नका. एक पक्कं झाल्यावरच दुसरं. काना आधी, मग दुसरी वेलांटी. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहितो पण नंतर उच्चारतो, त्यामुळे तिथे मुलं हमखास अडखळतात. तिला वेळ द्या.

मूल धडधड वाचतंय असं वाटलं, तर कार्डं पिसून पुन्हा विचारा. पाठ केलेलं लगेच कळतं.