रानातले प्रश्न: बोरिवलीचं जंगल आणि आपले बिबटे

प्रश्न: दिवाळीच्या सुट्टीत दोन नातवंडांना बोरिवलीचा नॅशनल पार्क दाखवायचा आहे. पहाटे नाशिकहून निघून रात्री परत यायचं म्हणते. वाघ-सिंह नक्की दिसतात ना? कान्हेरीची लेणीही बघायची आहेत, पण माझे गुडघे कुरकुरतात. जमेल का?
– एक आजी, इंदिरानगर

उत्तर: आजी, वाघ-सिंह दिसतील हो. जाळ्या लावलेल्या बसमधून मोठ्या कुंपणात नेतात आणि तिथे ठेवलेले वाघ-सिंह दाखवतात. नातवंडांना ते कुंपणातले आहेत हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर सुट्टीनंतर वर्गात ‘आम्ही जंगलात सिंह पाहिला’ असं सांगतील आणि बाई त्यांना खोटं पाडतील. मी बाईच होते, मीही पाडलं असतं. त्या रानात मोकळा फिरतो तो बिबट्या, आणि सहलीला आलेल्यांना तो दिवसाढवळ्या दर्शन देत नाही.

म्हणून माझं ऐकाल तर सफारी तासाभरात उरका आणि उरलेला वेळ झाडाझुडपांना द्या. शंभर चौरस किलोमीटरहून थोडं जास्तच जंगल आहे ते, एका अंगाला बोरिवली, दुसऱ्या अंगाला ठाणे. मुंबईला पाणी देणारे तुळशी आणि विहार हे तलाव त्याच्याच पोटात आहेत. तलावांवर जाता येत नाही, मगरी आहेत. पण तुळशीतून निघालेली दहिसर नदी पार्कातूनच वाहते. पावसानंतर तिच्या काठाने रमतगमत चालायला पोरांना फार मजा येते.

आता तुमचा ‘पहाटे निघून रात्री परत’ हा बेत. तो मला पटत नाही. पंचवटी एक्सप्रेसने गेलात तर दादरला उतरून बोरिवलीची लोकल पकडायची, आणि पार्कच्या फाटकाशी पोचेस्तोवर अकरा वाजणार. तोवर रानातली सकाळ संपलेली असते, पक्षी गप्प आणि माणसं फार. स्वतःच्या गाडीने जायचं तर 2025 च्या जूनपासून इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा शेवटचा टप्पा सुरू झालाय, कसारा घाट टळतो. घाटात वाचवलेला वेळ मात्र घोडबंदर रोड व्याजासकट वसूल करतो. त्यापेक्षा आदल्या रात्री कोणाकडे तरी मुक्कामाला जा. मुंबईत नातेवाईक नाही असा नाशिककर मला अजून भेटायचाय. फक्त सोमवार टाळा, त्या दिवशी पार्क बंद असतो. मुलांनी ‘वनराणी’ या छोट्या गाडीचा हट्ट धरला तर ती चालू आहे का ते फाटकाशीच विचारा. 2021 च्या तौक्ते वादळात तिच्या रुळांची वाट लागली होती आणि पुढे ती बराच काळ बंद होती.

कान्हेरी फाटकापासून सहा-सात किलोमीटर आत आहे. चालत जाऊ नका, आत वाहन मिळतं. लेण्यांचं तिकीट वेगळं. लेणी आहेत शंभराच्या वर, पण तुम्ही तीन नंबरच्या चैत्यापर्यंत गेलात तरी पुष्कळ झालं. ते सुरुवातीलाच आहे, आपल्या पांडवलेण्याच्या चढाशी तर तुलनाच नको. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना उभे बुद्ध आहेत, जवळजवळ सात मीटर उंच. मान वर करून बघताना नातवंडं गप्प होतील. तुमचे गुडघे तेवढ्यात सुटीवर.

आणि एक खास नाशिककराने बघायची गोष्ट. सातवाहनांचा राजा यज्ञश्री सातकर्णी याचा लेख आपल्या पांडवलेण्यातल्या वीस नंबरच्या लेण्यात आहे, त्याच्या राज्याच्या सातव्या वर्षातला. कान्हेरीला एक्क्याऐंशी नंबरच्या लेण्यात त्याच राजाचा सोळाव्या वर्षातला लेख आहे. एक्क्याऐंशी उंचावर आहे, तिथे मुलांना कोणा मोठ्या माणसाबरोबर पाठवा. जाण्याआधी एखाद्या रविवारी पांडवलेण्यावर नेऊन आपल्याकडचा लेख दाखवा. आधी इथली अक्षरं बघितलेली असली की तिथे गेल्यावर तीच अक्षरं शोधायचा खेळ होतो.

तुम्ही खाली बसलात की आजूबाजूला जमिनीकडे बघा. कातळात अरुंद पन्हाळी खोदलेल्या दिसतील. वरच्या उतारावरून ओघळणारं पावसाचं पाणी त्या गोळा करतात आणि लेण्याच्या अंगणाजवळच्या पोढीत, म्हणजे कातळात खोदलेल्या टाक्यात, सोडतात. लेण्यालेण्यापाशी अशी पोढी, तोंड लहान आणि आत पोट मोठं. धाकट्याला एका पन्हाळीवर बोट ठेवायला सांगा आणि पाणी कुठे जातं ते शोधत जाऊ दे. कुठे ती काठाकाठाने वळते, कुठे पायरीखालून जाते. मी कॉलेजच्या मुलांना घेऊन जायचे तेव्हा लेण्यांपेक्षा या पन्हाळ्यांपुढे जास्त वेळ जायचा, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. शेकड्यांनी भिक्खू त्या उघड्या कातळावर राहिले ते या पाण्याच्या जोरावर.

खाण्याचं म्हणाल तर चिवडा-लाडवाची पिशवी हातात धरून हिंडू नका. माकडांना तुमच्यापेक्षा आधी तिचा वास लागतो. त्यांना काही द्यायचंही नाही, कोणी कितीही ‘मारुतीराया’ म्हणो. लेण्यांच्या वाटेवर जवळच्या पाड्यांवरच्या बायका काकड्या, पेरू, आवळे घेऊन बसतात. त्यांच्याकडून काकडी घ्या, उभी चिरून तिखटमीठ भरून देतात. भाव करू नका.

कारवीची फुलं मात्र यंदा नाहीत. ती आठ वर्षांतून एकदा फुलते, 2016 ला फुलली, 2024 ला फुलली, आता 2032. तोवर नातवंडांना तुम्हाला घेऊन जावं लागेल.

प्रश्न: आमच्याकडे ऊस आहे आणि उसात बिबट्या. बोरिवलीत इतके बिबटे शहराला चिकटून राहतात, तिथे म्हणे सगळं सुरळीत चालतं. मग आमच्या भागातले बिबटे धरून त्या पार्कातच का सोडत नाहीत?
– एक शेतकरी, निफाड तालुका

उत्तर: दादा, सुरळीत आज दिसतं, नेहमी नव्हतं. 2004 च्या जूनमध्ये त्या पार्कच्या कडेच्या वस्त्यांत बिबट्यांनी माणसं मारली, मुंबई हादरली होती. पकडलेला बिबट्या अनोळखी मुलखात सोडला की हल्ले कमी होत नाहीत, उलट वाढू शकतात, हे बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांनी जुन्नरकडच्या अभ्यासातून दाखवलं. बिबट्याला आपला इलाखा पक्का माहीत असतो. नव्या जागी तो बावरतो, तिथल्या बिबट्यांशी भांडतो, नाहीतर चालू लागतो.

चालू लागतो म्हणजे किती, तर ऐका. 2009 साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक म्हातारा बिबट्या बाहेर काढून, गळ्यात ठावठिकाणा कळवणारा पट्टा घालून माळशेज घाटात सोडला. अभ्यासकांनी त्याचं नाव आजोबा ठेवलं होतं. हा आजोबा चालत चालत कसाऱ्याला आला, रेल्वे स्टेशनावरून पलीकडे गेला, महामार्ग ओलांडला आणि शंभरावर किलोमीटर तुडवून याच बोरिवलीच्या जंगलाच्या उत्तरेकडच्या भागात पोचला. आपण मुंबईला जातो त्याच कसाऱ्यावरून, फक्त तिकीट न काढता! 2011 मध्ये अहमदाबाद महामार्गावर गाडीची धडक बसून तो गेला. म्हणजे तुमच्याकडचे बिबटे नेऊन सोडले तरी ते तिथेच बसतील याची खात्री कोण देणार? आणि त्या जंगलात जागा तरी कुठे आहे? 2015 च्या गणतीत तिथे 35 बिबटे होते, 2018 ला 47.

तिथे फरक पडला तो कचरा, उजेड आणि लोकांच्या सवयींवर काम केल्याने. उघड्यावर कचरा पडला की कुत्री वाढतात, आणि तिथल्या बिबट्याच्या पोटात कुत्र्याचा वाटा मोठा आहे. वारली पाड्यांवर वाघोबाची पूजा पूर्वापार होते. त्या लोकांनी बिबट्याबरोबर राहणं कोणाच्या व्याख्यानातून शिकलेलं नाही.

पण मुंबईचं उदाहरण देऊन तुम्हाला ‘सहजीवना’चे धडे देणार नाही. ज्याची कालवड गेली त्याला ते ऐकवू नये. तुमच्याकडे जंगल नाही, ऊसच त्याचं जंगल आहे. तिथेच पिल्लं होतात, आणि तोडणी लागली की ते जंगल एका आठवड्यात नाहीसं होतं. सगळ्यात धोका असतो तो तोडणी कामगारांच्या कोप्यांना, कारण मुलं उघड्यावर झोपतात. त्यांच्यासाठी दिवा, बंद दाराची झोपायची जागा आणि जवळ संडास, एवढं तुमच्या शेतावर करता आलं तर करा. कारखान्याकडेही मागा. गोठ्याला जाळी वरूनही लावा, भिंत उंच आहे म्हणून भागत नाही. आणि बिबट्या दिसलाच तर गर्दी नको. 2019 ला गंगापूर रोडच्या सावरकरनगरात बिबट्या शिरला तेव्हा गच्च्यांवर, गाड्यांवर, भिंतींवर नुसती माणसं होती, मोबाइल वर करून. अशा गोंगाटात अडकलेलं जनावर समोर येईल त्याच्यावर झेप घेतं.

प्रश्न: बोरिवली लांब पडते. नाशिकच्या कडेला असं काही आहे का, रविवारी सकाळी जाऊन दुपारी जेवायला घरी येता येईल असं?
– एक वाचक, सिडको

उत्तर: आहे की! पांडवलेण्याच्या पायथ्याला वनोद्यान आहे, सिडकोवरून किती लांब ते तुम्हीच सांगा. त्र्यंबक रस्त्याला अंजनेरी आहे, तिथल्या कड्यांवर गिधाडं आहेत आणि माथ्यावर एक कंदीलपुष्प, जे 2006 मध्ये शास्त्राला नव्याने कळलं आणि ज्याला अंजनेरीचंच नाव मिळालं. पावसात तिथे गर्दी फार होते, जोडीला रील काढणारे. गवतावरून आडव्यातिडव्या वाटा पाडू नका, ती फुलं त्या गवतातच असतात. थंडीत मात्र नांदूरमध्यमेश्वर, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. चापडगावच्या बाजूने आत जा, मनोऱ्यावर चढा, दुर्बीण भाड्याने मिळते का ते बघा. जायचं तर होळीच्या आत, त्यानंतर पाहुणे पक्षी परतीला लागतात.