एन-एट-एनची गुगल ड्राइव्हशी जोडणी दर आठवड्याला का तुटते?

लातूरला सोयाबीनच्या वजनपावत्या एन-एट-एन (n8n, कामं आपोआप करून देणारं सॉफ्टवेअर) वापरून ड्राइव्हवरून आपोआप शीटमध्ये उतरतात, पण दर आठवड्याला पुन्हा लॉगिन करावं लागतं, असं तुम्ही विचारलंय. दोष एन-एट-एनचा नाही. गुगल क्लाउड कन्सोलमध्ये (गुगलच्या सेवा जोडण्याची सेटिंग्ज असलेली साइट) या जोडणीसाठी केलेलं तुमचं अ‍ॅप 'टेस्टिंग'मध्येच, म्हणजे चाचणी अवस्थेतच, राहिलं असणार. तिथे रिफ्रेश टोकन (पुन्हा लॉगिन न करता जोडणी चालू ठेवणारी डिजिटल किल्ली) ७ दिवसांत संपतं. ते 'प्रॉडक्शन'मध्ये न्या आणि मग जोडणी नव्याने करा, जुनं टोकन काही सुधारत नाही. अ‍ॅप पडताळलेलं नाही असा इशारा दिसेल; स्वतःचंच आहे, घाबरू नका. संस्थेचं गुगल वर्कस्पेस खातं असेल तर अ‍ॅपसाठी सरळ 'इंटर्नल' (फक्त संस्थेतल्या लोकांसाठी) निवडा.

आणि हो, ज्यात आमचा अख्खा दिवस गेला ते सांगतो: फोल्डरवर लावलेला ट्रिगर (नवी फाइल आली की काम सुरू करणारा भाग) उपफोल्डरमध्ये डोकावत नाही. 'औसा' असा वेगळा फोल्डर आत केला, की त्यातल्या पावत्या शीटवर येतच नाहीत. सगळ्या एकत्र ठेवा, गाव फाइलच्या नावात लिहा.